टेनिसचा सर्वांत मोठा सामना कोणता, आणि आपल्याकडे तसा कधी झाला का?

प्रश्न : आमच्याकडे टेनिसचा चेंडू घराघरांत सापडतो, पण तो क्रिकेटसाठी. खरं टेनिस आम्ही टीव्हीवर आणि मोबाइलवर बघतो. २०२५ च्या फ्रेंच ओपनचा आल्काराझ-सिन्नर अंतिम सामना गावातल्या आम्ही चार-पाच जणांनी मध्यरात्रीपर्यंत जागून पाहिला. समालोचक म्हणाले, हा इतिहासातल्या सर्वांत थोर सामन्यांपैकी एक. नंतर वाचायला गेलो तर कुणी २००८ चं विम्बल्डन म्हणतं, कुणी १९८० चं, कुणी अकरा तास चाललेल्या सामन्याचं नाव घेतं. मग खरा कोणता? हे ठरवतात कसं? ‘व्यावसायिक टेनिस’ असा शब्द मुद्दाम वापरतात, तो कशासाठी? आणि आपल्या महाराष्ट्रात असा एखादा सामना कधी झाला आहे का?
— एक वाचक, बेंबळी, जि. धाराशिव

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न मला सर्वांत आवडला. त्याच्याकडे पोचायला थोडा वेळ लागेल, म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो. एकच नाव घ्यायचं तर मी ६ जुलै २००८ चा विम्बल्डनचा पुरुषांचा अंतिम सामना म्हणेन : रॉजर फेडरर विरुद्ध राफाएल नदाल. तुम्ही जागून पाहिलेला सामना त्याच्या अगदी शेजारी बसतो. का, ते सांगतो.

तुमच्या जिल्ह्यात कुस्ती कुणाला समजावून सांगावी लागत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र केसरीचा आखाडा धाराशिवलाच भरला होता. जत्रेच्या फडात निकाली कुस्ती लागते तेव्हा घड्याळाकडे कुणी बघत नाही. कुणाची तरी पाठ मातीला लागेपर्यंत ती सुटत नाही. टेनिस हा असा निकाली खेळ आहे. कबड्डीत शेवटची दोन मिनिटं उरली आणि आपण सात गुणांनी पुढे असलो, तर रेषेजवळ रेंगाळून वेळ काढता येतो. फुटबॉलमध्ये चेंडू कोपऱ्यात नेऊन दाबता येतो. टेनिसमध्ये ही सोय नाही. दोन सेट जिंकलेले असोत, तिसऱ्यात ५-० आघाडी असो, शेवटचा गुण स्वतःच्या रॅकेटनं मिळवल्याशिवाय सामना संपत नाही. आणि तो मिळेपर्यंत समोरच्याला परत यायला वाट उघडी असते.

त्यात गुण मोजण्याची पद्धत अशी, की सगळे गुण सारख्या मोलाचे नसतात. पंधरा, तीस, चाळीस करत गेम. सहा गेमचा सेट. तीन सेट जिंकले की सामना. एखादा गेम शून्यावर गमावला काय आणि दहा वेळा ड्यूस होऊन गमावला काय, हिशेबात एकच गेम जातो. त्यामुळे एकूण जास्त गुण मिळवणारा खेळाडू हरू शकतो. २०१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात फेडररनं २१८ गुण मिळवले, नोवाक जोकोविचनं २०४, जिंकला जोकोविच. पाचव्या सेटमध्ये ८-७ अशा आघाडीवर स्वतःच्या सर्व्हिसवर फेडररकडे दोन मॅच पॉइंट होते, ते गेले. तुम्ही पाहिलेल्या पॅरिसच्या सामन्यात यानिक सिन्नरचे १९३ गुण होते आणि कार्लोस आल्काराझचे १९२. चौथ्या सेटमध्ये ३-५, ०-४० अशा स्थितीत आल्काराझ तीन वेळा हरण्याच्या उंबऱ्यावर होता. तिथून परतून ५ तास २९ मिनिटांनी त्यानं शेवटचा टायब्रेक १०-२ असा घेतला. फ्रेंच ओपनच्या इतिहासातला तो सर्वांत लांबलेला अंतिम सामना.

म्हणून सामना थोर ठरवताना मी आधी एवढंच बघतो : निकाल शेवटपर्यंत दोन्ही बाजूंना झुकू शकत होता का? मग बघतो की दोघेही एकाच वेळी आपल्या सर्वोत्तम खेळात होते का. हे दुर्मीळ असतं, कारण बहुतेक पाच सेटच्या सामन्यांत एक वर असतो तेव्हा दुसरा खाली असतो, आणि मग उलट. आणि तिसरं म्हणजे त्या सामन्यावर काय अवलंबून होतं. पहिल्या फेरीतला चुरशीचा सामना आणि ज्यावर एका युगाचा शेवट टांगलेला आहे असा अंतिम सामना, यांचं वजन सारखं नाही.

२००८ चा सामना या तिन्ही कसोट्यांवर उतरतो. फेडरर सलग पाच वर्षं विम्बल्डनचा विजेता होता. नदाल बावीस वर्षांचा. महिनाभर आधी पॅरिसच्या लाल मातीवर त्यानं फेडररला ६-१, ६-३, ६-० असं धुऊन काढलेलं. पण हिरवळ हे फेडररचं राज्य. त्या राज्यात नदालनं पहिले दोन सेट ६-४, ६-४ घेतले. पावसानं खेळ थांबला. फेडररनं तिसरा सेट टायब्रेकवर मिळवला. चौथ्याच्या टायब्रेकमध्ये नदाल ५-२ असा पुढे होता, हातात स्वतःची सर्व्हिस, आणि तिथे त्याच्याकडून डबल फॉल्ट झाली. पुढे त्याला मॅच पॉइंट मिळाले. त्यातला एक फेडररनं बॅकहँडनं रेषेलगत मारलेल्या पासिंग फटक्यानं वाचवला. नदाल नेटजवळ येऊन उभा, चेंडू त्याच्या बाजूनं सरळ निघून गेला. हरण्यापासून एका फटक्यावर उभा असताना तो फटका निवडायचा आणि रेषेच्या आत बसवायचा, याला काय म्हणावं! टायब्रेक १०-८. दोन-दोन सेट. पुन्हा पाऊस. सेंटर कोर्टवर तेव्हा छप्पर नव्हतं, ते पुढच्या वर्षी आलं. लंडनमध्ये रात्री सव्वानऊला, चेंडू दिसेनासा होत असताना, नदालनं ९-७ असा सेट घेतला. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून पावणेदोन वाजले होते. खेळ ४ तास ४८ मिनिटांचा.

१९८० चा बोर्ग-मॅकेन्रो सामनाही असाच, आणि जुनी माणसं त्याचंच नाव पहिलं घेतात हे मला समजतं. ब्यॉन बोर्ग चार वेळचा विजेता, जॉन मॅकेन्रो एकवीस वर्षांचा. चौथ्या सेटचा टायब्रेक ३४ गुणांपर्यंत चालला आणि मॅकेन्रोनं तो १८-१६ असा घेतला; त्या एका टायब्रेकमध्ये त्यानं पाच मॅच पॉइंट वाचवले. इतकं झाल्यावर दुसरा कुणीही कोलमडला असता. बोर्ग पाचव्या सेटला आला तो काहीच घडलं नसल्यासारखा, आणि ८-६ नं पाचवं विजेतेपद घेऊन गेला. तरी मी २००८ ला वर ठेवतो, कारण १९८० चा पहिला सेट बोर्गनं ६-१ असा गमावला होता. म्हणजे सुरुवातीला दोघं एका पातळीवर नव्हते.

आता अकरा तासांचा सामना. तो २०१० च्या विम्बल्डनचा, पहिल्या फेरीतला. अमेरिकेचा जॉन इस्नर आणि फ्रान्सचा निकोला माहू. २२ ते २४ जून असे तीन दिवस, अठरा नंबरच्या कोर्टवर, एकूण ११ तास ५ मिनिटं आणि १८३ गेम. एकट्या पाचव्या सेटला आठ तासांहून जास्त वेळ लागला. इस्नरनं तो ७०-६८ असा जिंकला. धावफलक ४७-४७ वर बंद पडला, कारण त्याला पुढचे आकडे ठाऊकच नव्हते. दोघांच्या मिळून २१६ बिनतोड सर्व्हिस झाल्या. लांबीचा हा विक्रम आता मोडण्याची शक्यता नाही, कारण नियम बदलले. जिद्दीचा हा मोठा पराक्रम आहे आणि माहूबद्दल मला कायम आदर वाटत आला. पण थोर सामना म्हणून मी तो पहिल्या दहांतही धरणार नाही. गेममागून गेम सर्व्हिस करणारा जिंकत गेला. सर्व्हिस परतवता येत नाही म्हणून लांबलेला खेळ आणि दोघंही माघार घेत नाहीत म्हणून लांबलेला खेळ, यांत फरक करायला हवा. तो जागून पाहणाऱ्याला लगेच कळतो.

लांबीला आवर घालणारा टायब्रेक आला, त्याच्या मागेही असाच एक सामना होता, आणि तो सांगितला की ‘व्यावसायिक’ या शब्दाचं उत्तरही निघतं.

१९६८ पर्यंत विम्बल्डन, फ्रेंच, अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन या चारही मोठ्या स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंसाठी होत्या. खेळून उघडपणे पैसे घेतले की तुम्ही व्यावसायिक झालात, आणि ही दारं बंद. जगातले कितीतरी उत्तम खेळाडू अशा रीतीनं बाहेर राहिले. ते जथ्यानं गावोगाव फिरत, नाटक कंपनीच्या दौऱ्यासारखे आज इथे, उद्या तिथे. बर्फाच्या रिंगणावर कॅनव्हास अंथरून त्यावर खेळत. पँचो गोन्झालेस हा लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन कुटुंबातला मुलगा १९४९ मध्ये व्यावसायिक झाला. पन्नासच्या दशकात त्याला हरवणारा माणूस शोधावा लागे, पण ऐन उमेदीची एकोणीस वर्षं त्याला विम्बल्डनमध्ये पाऊल टाकता आलं नाही. रॉड लेव्हरनं १९६२ मध्ये एकाच वर्षात चारही स्पर्धा जिंकल्या, व्यावसायिक झाला, आणि पाच वर्षं बाहेर राहिला. परत येऊन १९६९ मध्ये त्यानं पुन्हा चारही जिंकल्या. मधल्या पाच वर्षांत काय काय झालं असतं, हा विचार टेनिसवर प्रेम करणाऱ्या माणसाला अजून छळतो. ‘व्यावसायिक टेनिस’ असं मुद्दाम म्हटलं जातं ते या इतिहासामुळे. १९६८ मध्ये सगळ्यांना दारं खुली झाली. त्यानंतरच्या काळाला ‘ओपन’ युग म्हणतात आणि स्पर्धांच्या नावातला ‘ओपन’ तिथून रुजला.

तर १९६९ चं विम्बल्डन, पहिली फेरी. गोन्झालेस आता एकेचाळीस वर्षांचा, समोर त्याच्याहून कितीतरी तरुण चार्ली पासारेल. पहिला सेट पासारेलनं २४-२२ असा घेतला. अंधार पडला होता. गोन्झालेस चिडला, खेळ थांबवा म्हणाला, ऐकलं गेलं नाही, आणि दुसरा सेट त्यानं १-६ असा गमावला. दुसऱ्या दिवशी परत येऊन १६-१४, ६-३, ११-९! सात मॅच पॉइंट वाचवून, ५ तास १२ मिनिटांत, ११२ गेमनंतर. हा सामना माझ्या यादीत आहे. पहिल्या फेरीतला असूनही आहे, कारण त्या दिवशी एका माणसानं त्याच्याकडून काढून घेतलेली एकोणीस वर्षं परत मागितली. पुढच्याच वर्षी अमेरिकन ओपनमध्ये टायब्रेक सुरू झाला, त्यानंतरच्या वर्षी विम्बल्डनमध्ये.

आणि टायब्रेक आल्यावर व्यावसायिक टेनिसनं टीव्हीवर घरोघर पोचवलेला पहिला मोठा सामना म्हणजे १४ मे १९७२ चा, अमेरिकेतल्या डॅलस शहरातला. केन रोझवॉल ३७ वर्षांचा, लेव्हर ३३ वर्षांचा. दोघेही ऑस्ट्रेलियन, दोघांनीही ती बाहेरची वर्षं एकमेकांविरुद्ध खेळून काढलेली. पाचव्या सेटच्या टायब्रेकमध्ये लेव्हर ५-४ असा पुढे आणि पुढच्या दोन्ही सर्व्हिस त्याच्याच. रोझवॉलनं त्या दोन्ही बॅकहँडनं अशा परतवल्या, की लेव्हर जागच्या जागी राहिला. मग ७-५. रोझवॉलचं नाव लक्षात ठेवा, पुण्यात ते पुन्हा येणार आहे.

थोर सामन्यांच्या याद्यांत बायकांचा एखादा सामना पाच-दहा नावांनंतर कुठेतरी येतो, हे मला खटकतं. १९७० चा विम्बल्डनचा अंतिम सामना बघा. मार्गारेट कोर्टच्या घोट्याला दुखापत, बिली जीन किंगच्या गुडघ्याला. दोनच सेट, पण १४-१२ आणि ११-९. कोर्ट जिंकली. चालतानाही दुखत असलेल्या दोघी अडीच तासांच्या आसपास एकमेकींना सोडत नव्हत्या. २००५ चा व्हीनस विल्यम्स-लिंडसे डेव्हनपोर्ट अंतिम सामनाही तसाच. मॅच पॉइंट वाचवून व्हीनसनं तो तिसऱ्या सेटमध्ये ९-७ असा जिंकला. दोन्ही माझ्या पहिल्या दहांत आहेत.

आता महाराष्ट्र.

२०१८ ते २०२३ या काळात पुण्याच्या बालेवाडीत एटीपीची, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टूरची, ‘महाराष्ट्र ओपन’ ही स्पर्धा व्हायची. कोरोनामुळे २०२१ चं साल गेलं. ही स्पर्धा आधी चेन्नईत व्हायची. चेन्नईत असतानाच, २००८ च्या जानेवारीत, तिनं भारतातला माझ्या मते सर्वोत्तम व्यावसायिक सामना दिला : नदाल विरुद्ध त्याच्याच बेटावरचा, त्याला लहानपणापासून ओळखणारा कार्लोस मोया. तीन सेट, तिन्ही टायब्रेकवर, ३ तास ५४ मिनिटं, नदालनं चार मॅच पॉइंट वाचवून घेतलेला विजय. दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात मिखाइल यूझ्नीनं त्याला ६-०, ६-१ असं हरवलं. नदालच्या पायांत काही उरलंच नव्हतं.

पुण्याच्या वाट्याला आलेला असा सामना म्हणजे ५ जानेवारी २०१९ चा अंतिम सामना. दक्षिण आफ्रिकेचा केविन अँडरसन, उंची सहा फूट आठ इंच. समोर क्रोएशियाचा इव्हो कार्लोविच, सहा फूट अकरा इंच आणि वय ३९. निकाल : ७-६, ६-७, ७-६, अँडरसनच्या बाजूनं. शेवटचा टायब्रेक ७-५. म्हणजे तिसऱ्या सेटच्या अखेरच्या दोन-चार चेंडूंपर्यंत कुणीही जिंकू शकत होतं. १९७७ मध्ये हाँगकाँगला ४३ वर्षांचा रोझवॉल अंतिम फेरीत खेळला होता. त्यानंतर व्यावसायिक टूरच्या अंतिम फेरीत पोचलेला सर्वांत वयस्क खेळाडू म्हणजे पुण्यातला कार्लोविच. डॅलस आणि बालेवाडी यांच्यामध्ये असा एक धागा आहे.

आणि अँडरसन कोण होता, हेही बघा. आदल्या वर्षीच्या पुण्यातल्या अंतिम सामन्यात तो जिल सिमोंकडून हरला होता. मग जुलैत विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत दोन सेट मागे असताना, मॅच पॉइंट वाचवून, त्यानं फेडररला पाचव्या सेटमध्ये १३-११ असं हरवलं. दोन दिवसांनी उपांत्य फेरीत गाठ पडली ती इस्नरशी, त्याच अकरा तासांवाल्याशी. ६ तास ३६ मिनिटं! पाचवा सेट २६-२४. त्या सेटच्या अखेरीला अँडरसन घसरून पडला, रॅकेट सुटली, ती डाव्या हातानं उचलून डाव्यानंच त्यानं चेंडू परतवला आणि गुण मिळवला. लहानपणी उजव्या कोपराला दुखापत झाली तेव्हा तो डाव्या हातानं खेळायला शिकला होता. या सामन्यानंतर विम्बल्डननं पाचव्या सेटमध्येही टायब्रेक आणला. आज चारही मोठ्या स्पर्धांत शेवटच्या सेटला ६-६ झाले की दहा गुणांचा टायब्रेक होतो. पॅरिसला तुम्ही पाहिला तो हाच. तेव्हा टेनिसचा नियम बदलायला कारण झालेला माणूस सहा महिन्यांनी पुण्यात तीन टायब्रेक खेळून करंडक घेऊन गेला. माझी कसोटी लावायची तर हा सामना जगातल्या पहिल्या दहांत बसत नाही. दोघंही सर्व्हिसच्या जोरावर जिंकणारे, फटक्यांची देवाणघेवाण कमी. पण महाराष्ट्रात खेळला गेलेला हा माझ्या मते सर्वांत चुरशीचा व्यावसायिक अंतिम सामना, आणि तो आपल्या पुण्यात झाला याचा मला मनापासून आनंद आहे.

पुणं आणि दक्षिण आफ्रिका हे शब्द एकत्र आले की मला मात्र आणखी मागे जावं लागतं.

१९७४ चा डेव्हिस करंडक, म्हणजे देशांच्या संघांमधली स्पर्धा. मे महिन्यात भारतानं कोलकात्यात ऑस्ट्रेलियाला ३-२ असं हरवलं. त्या लढतीत एकूण ३२७ गेम झाले, आणि डेव्हिस करंडकाच्या एका लढतीतला तो विक्रम आहे. विजय आणि आनंद अमृतराज यांची दुहेरीची लढत एकटीच ९९ गेमची. १७-१५ ने सुरू झालेली, चौथा सेट १६-१८ असा गमावलेली, आणि पाचव्यात ६-४ नं जिंकलेली. सप्टेंबरमध्ये सोव्हिएत संघाशी उपांत्य लढत होती, आणि ती पुण्यात झाली. सोव्हिएत संघाचा आधारस्तंभ अलेक्स मेत्रेवेली हा आदल्या वर्षीचा विम्बल्डनचा उपविजेता. भारतानं लढत ३-१ अशी जिंकली. पुण्यातून भारत डेव्हिस करंडकाच्या अंतिम फेरीत गेला.

समोर दक्षिण आफ्रिका होती. तिथे तेव्हा वर्णभेदाचं सरकार होतं. कातडीच्या रंगावरून माणसानं कुठे राहायचं, कुठे बसायचं, कुणाबरोबर खेळायचं हे कायदा ठरवत होता. भारत सरकारनं खेळायला नकार दिला. दक्षिण आफ्रिकेला पुढे चाल मिळाली आणि एकही चेंडू न मारता करंडक त्यांच्याकडे गेला. तोवर तो करंडक अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि फ्रान्स या चारच देशांकडे फिरत राहिला होता. भारत १९६६ मध्ये अंतिम फेरीत ऑस्ट्रेलियाकडून हरला, १९८७ मध्ये स्वीडनकडून. दोन्ही वेळा परक्या भूमीवर, आपल्याहून वरचढ संघाविरुद्ध. १९७४ ला अमृतराज बंधू ऐन भरात होते. विजयनं त्याच वर्षी अमेरिकन ओपनमध्ये बोर्गला पाच सेटमध्ये हरवलं होतं. करंडकाच्या इतक्या जवळ आपण आधी कधी नव्हतो आणि नंतरही कधी गेलो नाही.

तो नकार बरोबर होता, असं माझं ठाम मत आहे. त्याची किंमत मूठभर खेळाडूंनी भरली, त्यांचा सर्वांत मोठा सामना त्यांना खेळायलाच मिळाला नाही, हेही तितकंच खरं आहे. पुण्यातल्या त्या लढतीला मी महाराष्ट्रातल्या टेनिसमधली सर्वांत मोठी घटना मानतो, ती दोन्ही गोष्टींमुळे. अँडरसनचा जन्म जोहान्सबर्गचा, १९८६ चा. तो लहान असतानाच ती राजवट संपली. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा खेळाडू पुण्यात खेळला, पुणेकरांनी त्याला टाळ्या दिल्या, त्यामागे हे सगळं आहे.

मराठी खेळाडूंचं म्हणाल तर एक हुकलेला आणि एक न हुकलेला सामना सांगतो. सांगलीचे नंदू नाटेकर तरुणपणी टेनिस खेळत. राष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचले आणि रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले. मग ते बॅडमिंटनकडे वळले, आणि १९५६ मध्ये परदेशात बॅडमिंटनचं आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय ठरले. एका पराभवानं दोन खेळांना दोन मोठी माणसं दिली. त्यांचा मुलगा गौरव टेनिसमध्ये राहिला आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेसबरोबर दुहेरीचं सुवर्ण घेऊन आला. न हुकलेला सामना ३० सप्टेंबर २०२३ चा, हांगझोच्या आशियाई स्पर्धेतला मिश्र दुहेरीचा अंतिम सामना. रोहन बोपण्णाच्या साथीला अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरची ऋतुजा भोसले. तैवानच्या जोडीविरुद्ध पहिला सेट २-६ असा गेला, दुसरा ६-३ असा आला, आणि दहा गुणांचा टायब्रेक १०-४. श्रीरामपूरही काही टेनिसच्या नकाशावरचं गाव नव्हतं. तुमच्या चार-पाच जणांच्या जथ्यात कुणाला पोरगी असेल आणि तिला खेळायचं असेल, तर हा सामना तिला जरूर दाखवा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मोबाइलच्या बाहेर टेनिस कुठे बघायला मिळेल तेही लिहितो. एटीपीची मोठी स्पर्धा पुण्यातून गेली, तरी त्याखालच्या चॅलेंजर दर्जाची स्पर्धा पुण्यात झाली आहे. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर महिलांची डब्ल्यूटीए १२५ स्पर्धा २०२४ आणि २०२५ मध्ये झाली. आणि तुम्हाला सर्वांत जवळच्या सोलापुरात अलीकडच्या वर्षांत महिलांच्या आयटीएफ स्पर्धा झाल्या आहेत. या स्पर्धांत नावाजलेले खेळाडू नसतात, प्रेक्षकही थोडे असतात, त्यामुळे कोर्टच्या अगदी कडेला बसता येतं. टीव्हीवर चेंडूचा वेग कळत नाही, तिथे कळतो. सर्व्हिस करणाऱ्याच्या मागच्या बाजूला बसा आणि चेंडूऐवजी परतवणाऱ्याचे पाय बघा. चेंडू येण्याआधी तो कुठे सरकतो, यावरून अर्धा खेळ समजतो.

आणि लहान स्पर्धा म्हणून सोडून देऊ नका. २०२४ च्या फेब्रुवारीत पुण्याची चॅलेंजर स्पर्धा मोनाकोच्या व्हॅलेंटिन व्हाशेरोनं जिंकली, तेव्हा त्याचं नाव फार कुणाला माहीत नव्हतं. २०२५ च्या ऑक्टोबरात तोच व्हाशेरो जागतिक क्रमवारीत २०४ वा असताना पात्रता फेरी खेळून शांघायच्या मास्टर्स स्पर्धेत उतरला, उपांत्य फेरीत त्यानं जोकोविचला हरवलं, आणि अंतिम फेरीत स्वतःच्या मावसभावाला, आर्तूर रिंडरक्नेशला, पहिला सेट गमावल्यावर हरवून विजेता झाला. इतक्या खालच्या क्रमांकावरून मास्टर्स स्पर्धा तोवर कुणीच जिंकली नव्हती.